हजारीचा दर आणि छाटीची विडी

धाराशिव जिल्ह्यातल्या तुळजापूरहून तासाभरात सोलापूर गाठता येते, पण मजुरी मोजण्याची रीत या तासाभरात पार बदलते. धाराशिवच्या साखर कारखान्यांत आणि त्यांना जोडलेल्या आसवन्यांत पगार महिन्याचा. सोलापूरच्या विडी कामगार बाईचा हिशेब मात्र हजारावर: हजार विड्या वळा, हजाराचे पैसे घ्या.

1948 च्या किमान वेतन कायद्याच्या अनुसूचीत विडीधंदा पहिल्यापासून होता. तरीही दर कागदावर राहत, कारण काम ठेकेदारामार्फत घरोघर जाई आणि घरी वळणारी बाई आपली कामगारच नाही, असे मालक सांगत. 1966 च्या विडी व सिगार कामगार कायद्याने तिला कामगार म्हटले. मालक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1974 मध्ये हरले. भविष्यनिर्वाह निधीसाठी पुन्हा तोच वाद झाला. घरखेपीच्या, म्हणजे घरी विड्या वळणाऱ्या, कामगारांनाही निधी लागू आहे, हे ठरायला 1985 उजाडले.

दर वाढला की मजुरी वाढते, हे मात्र अर्धेच खरे. कारखान्यातून पान आणि तंबाखू मोजून मिळते. पान रात्री भिजवायचे, साच्याने कापायचे, तंबाखू भरून वळायचे, तोंड मुडपून दोरा बांधायचा. पान फाटके निघाले तर हजार भरत नाहीत आणि तूट पदरच्या पैशाने विकत आणलेल्या पानातून भागवावी लागते. मग माल जमा करताना तपासनीस मूठभर विड्या बाजूला काढतो. ही ‘छाट’. तिचे पैसे कापले जातात, विडी मात्र कारखान्यातच राहते! महाराष्ट्राच्या नियमांनी साधारण 5 टक्क्यांपुढे छाट काढायला मनाई केली. मजुरीच्या इतिहासात या एका नियमाला दरवाढीच्या कुठल्याही अधिसूचनेइतके वजन आहे.

रोख हाती थोडे आले, म्हणून बाकीचे कल्याणनिधीतून मिळवायचे, असा रिवाज पडला. 1976 च्या कायद्यांनी विडीवर उपकर बसवला आणि त्यातून दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरांना मदत सुरू झाली. आडम मास्तर म्हणून ओळखले जाणारे माजी आमदार नरसय्या आडम यांच्या लढ्यातून सोलापूरजवळच्या कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार महिलांची 10 हजार घरे उभी राहिली. 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती देण्यात आली. पुढे 2017 मध्ये जीएसटी आला आणि उपकर गेला.

इकडे साखर व जोडधंद्यांतल्या कामगारांची वाढ त्रिपक्षीय समितीच्या बैठकीत ठरते: 2021 मध्ये 12 टक्के, 2025 मध्ये 10. विडीवाल्या बाईला असा टक्का कधी बसल्या जागी मिळाला नाही. पण साखरेच्या टक्क्यालाही धुराडे पेटलेले लागते. धाराशिव जिल्ह्यातल्या ढोकीचा तेरणा साखर कारखाना वर्षानुवर्षे बंद राहिला, तेव्हा करारातली वाढ तिथल्या कामगाराच्या काय कामाची होती?

2025 च्या सप्टेंबरात जीएसटी परिषदेने विडीवरचा कर 28 वरून 18 टक्क्यांवर आणायचे ठरवले. 21 नोव्हेंबरला नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि 1966 चा कायदा त्यांत विरला. छाटीची मर्यादा त्या जुन्या कायद्याखालच्या नियमांत होती. नव्या नियमांत ती किती टक्क्यांवर बसते, यावर हजारामागे हातात किती पडणार हे ठरेल.