आंबट कळलं, हिशेब राहिला

कोकमाच्या कुळातल्या फळांचा आंबटपणा टार्टरिक किंवा सायट्रिक आम्लाचा, असंच बराच काळ धरून चाललं होतं. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या लुईस आणि नीलकंठन यांनी १९६५ साली ते खोडून काढलं. मुख्य आम्ल हायड्रॉक्सीसायट्रिक निघालं. १९८१ मध्ये कोकमाच्या सालीतल्या गार्सिनॉल या संयुगाची रचनाही मांडली गेली. फळात काय आहे ते असं कळत गेलं. त्यातलं पोटात किती जातं, ते मात्र राहूनच गेलं.

हा घोळ एकट्या कोकणाचा नव्हे. अमेरिकी माणूस दिवसाला साधारण एक ग्रॅम फ्लॅव्होनॉइड खातो, असा अंदाज १९७६ मध्ये क्यूनाऊ यांनी दिला होता. १९९३ मध्ये हेर्टोख यांच्या डच गटाने भाज्या-फळं प्रत्यक्ष तपासली आणि, पाचच संयुगांपुरता का होईना, आकडा निघाला २३ मिलिग्रॅम! आपल्याकडे १९७२ पासून राष्ट्रीय पोषण पाहणीवाले ठरावीक मापाच्या वाट्या घेऊन 'काल काय खाल्लं' विचारत फिरले. पण फ्लॅव्होनॉइड ज्यांत मोडतात त्या पॉलिफिनॉलचे आकडे अन्नघटकांच्या राष्ट्रीय तक्त्यात आले ते २०१७ मध्ये, हैदराबादहून.

आता ती वाटी घेऊन मालवणच्या स्वयंपाकघरात बसा. एका घरची सोलकढी गडद, शेजारची फिकी. आगळ किती आणि नारळाचा रस किती, हे हाताचं माप. आमसूल तर रसात बुडवून पुन्हा पुन्हा उन्हात वाळवलेलं, आणि त्याचा लाल रंग ऊन-आचेने कमी होत जाणारा. बांगड्याच्या तिखल्यात सोलं आणि तिरफळं पडतात, जेवणारा दोन्ही ताटाच्या कडेला काढतो. आंबट रश्शात उतरलं. पाण्यात सहज न विरघळणारं गार्सिनॉल किती उतरलं आणि किती कडेला गेलं?

गोळीत हा प्रश्नच नाही. कोकमाच्या केरळी भावंडाच्या अर्कातून रोज १५०० मिलिग्रॅम हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल देऊन १९९८ मध्ये अमेरिकेत १३५ जणांवर वजन घटवण्याची चाचणी झाली. माप चोख होतं, वजन मात्र खोट्या गोळीवाल्यांपेक्षा जास्त उतरलं नाही.

पुढच्या पाहणीवाल्यांनी कढीच्या वाट्या मोजण्याआधी घरच्या आगळाचा नमुना मागून घ्यावा, आणि ताटाच्या कडेची सोलंही काट्यावर घालावीत.