घराची वाटचाल कोण लिहिणार?

परिषद हा शब्द आपल्या समाजाला नवा नाही. १९२० ची माणगाव परिषद, १९२७ ची महाड परिषद, १९३५ ची येवला परिषद, १९४२ ची नागपूरची महिला परिषद. आपल्या चळवळीचे टप्पे परिषदांनीच मोजले जातात. त्याच परंपरेला स्मरून, पण अगदी लहान प्रमाणात, आम्ही काही कार्यकर्त्यांनी वर्षावासातील एका रविवारी आमच्या विहारात कुटुंब-इतिहास परिषद भरवली. निमंत्रणात एवढेच लिहिले होते : घरातील वडीलधाऱ्यांना आणा, जुने कागद आणा, वही-पेन आणा.

त्रिशरण-पंचशील झाले आणि पहिलाच प्रश्न आडनावाचा निघाला. "आमच्या घरात तीन पिढ्यांत तीन आडनावे झाली. शोधायचे कोणत्या नावाने?" एका निवृत्त तलाठ्यांनी उत्तर दिले, "आडनावामागे जाऊ नका, गावामागे जा." त्यांनी परमपूज्य बाबासाहेबांचेच उदाहरण दिले. घराणे सकपाळांचे, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे, आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत प्रवेश झाला तेव्हा रजिस्टरात १९१४ या क्रमांकापुढे नाव लागले भिवा रामजी आंबेडकर. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर आपल्या वीरांची नावे 'नाक' लावून कोरलेली आहेत. आडनाव तिथेही नाही.

मग कागद कोठे मिळतात? शाळेचे जनरल रजिस्टर, जन्ममृत्यूची नोंद असलेले कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४, महार वतनाच्या जमिनीचे फेरफार व त्यांतील वारसांच्या नोंदी. घरात कोणी सैन्यात असेल तर पेन्शनचा कागद, कोणी मुंबईस गेला असेल तर गिरणीचा पास किंवा चाळीची भाडेपावती. आम्ही कारकुनी करणारी माणसे, म्हणून एक सांगतो. कचेरीत अर्ज करताना गाव, अंदाजे साल आणि आजोबांचे नाव त्यांच्या वडिलांच्या नावासह लिहा. नक्कल मागा, आणि आपल्याजवळचा मूळ कागद हातचा सोडू नका.

जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, तेव्हाच आपल्याला आजोबांची आठवण होते. मुलाचा प्रवेश झाला की फाईल पुन्हा पेटीत जाते. पण त्या कागदांत प्रवेशापलीकडचेही काही असते. परिषदेत एका घरातील दोन भावांचे शाळेचे उतारे शेजारी ठेवले. थोरल्याच्या नावापुढे 'हिंदू महार', धाकट्याच्या नावापुढे 'बौद्ध'. मधल्या काळात १४ ऑक्टोबर १९५६ उगवला होता! त्या घराने गुलामी कधी झुगारली, हे शाळामास्तरांच्या दोन ओळींत लिहून ठेवलेले होते. सभागृह क्षणभर स्तब्ध झाले.

यावर एका गृहस्थांनी रोखठोक हरकत घेतली. "मेलेली जनावरे ओढली, येसकरकी केली, भाकरी मागितली, हे कशाला लिहायचे? मुलांना लाज वाटेल." हरकत प्रामाणिक होती. दीक्षेनंतर जे टाकले ते पुन्हा उकरायचे कशाला, असे पुष्कळांना वाटते. त्यांना उत्तर दिले ते ऐंशी ओलांडलेल्या एका आजींनी.

आजी म्हणाल्या, "महाडला बाबांनी सांगितलं, मेल्या ढोराचं मांस खाऊ नका. आमच्या गावात ते पहिल्यांदा बंद केलं माझ्या आईनं. घरात येऊ दिलं नाही म्हणून नवऱ्याचा मार खाल्ला, पण हटली नाही. तुमच्या त्या वंशावळीत माझ्या आईचं नाव कुठं हाय?"

आम्ही वंशावळीचा तक्ता पाहिला. कचेरीच्या नमुन्याप्रमाणे पणजोबा, आजोबा, वडील, मुलगा. बाई एकही नव्हती. ज्यांनी ओढायला लावले, लाज त्यांना वाटावी; पण ओढणे थांबवले कोणी, हे लिहिले नाही तर त्या माउलीचा लढा आजींबरोबरच संपेल. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतील स्त्रियांना भेटून 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ १९८९ साली सिद्ध केला. त्यांनी समाजासाठी केले तेच काम प्रत्येकाने आपल्या घरापुरते करायचे आहे.

परिषदेने शेवटी तीन ठराव केले. प्रत्येक वंशावळीत आई, आजी, आत्या यांची माहेरच्या गावासह नावे लिहावीत. घरात शाळेत पहिले पाऊल कोणी टाकले, गावकी कोणी सोडली, दीक्षा कोणी व कोठे घेतली, या तीन प्रश्नांची उत्तरे वडीलधाऱ्यांच्या शब्दांत उतरवून घ्यावीत. आणि कागदांच्या नकलांचा एक संच विहारात ठेवावा.

कुलाचा मोठेपणा मिरवण्यासाठी वंशावळ्या लिहिणारे लिहोत. जन्मावरून माणूस लहानमोठा ठरत नाही, हे तथागतांनी आपल्याला शिकवले आहे. आपल्याला रक्ताचा अभिमान मांडायचा नाही, वाटचालीचा हिशेब मांडायचा आहे. ज्यांनी १९५६ चा तो दिवस स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, ते आज ऐंशीच्या घरात किंवा त्याही पुढे आहेत. बंधू-भगिनींनो, येत्या रविवारी त्यांच्यापाशी बसा. वही सोबत न्या. जयभीम!