पुतळा उभारण्याआधी: पुणे, केवडिया, मालवण आणि आपलं कडोदरा

गेल्या पावसाळ्यात कडोदऱ्यातल्या आपल्या मराठी मंडळींची एक बैठक झाली. विषय एकच होता, चार रस्त्याजवळ शिवाजी महाराजांचा कायमचा अश्वारूढ पुतळा. वर्गणीची यादी पहिल्या अर्ध्या तासातच सुरू झाली. एका यंत्रमाग कामगाराने पाचशे एक रुपये दिले, पावती नीट घडी करून खिशात ठेवली आणि विचारलं, "साहेब, येत्या शिवजयंतीला होईल ना?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण बैठकीत इंजिनिअर मी एकटाच होतो.

मी लगेच हो म्हटलं नाही. का, ते सांगण्यासाठी हा लेख. माझी नोकरी प्रोसेस हाऊसच्या शेड आणि चिमण्या उभारण्यात गेली, इतिहासाचा नाद नंतर लागला. पुतळा या विषयात दोन्ही गोष्टी एकत्र येतात. तो उभा राहतो इतिहासासाठी, पण टिकतो तो पायामुळे आणि सांगाड्यामुळे.

पुणे: साडेसहा वर्षांचा पुतळा

पुण्याच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातला अश्वारूढ पुतळा अनेकांनी पाहिला असेल. या स्मारकाची कल्पना कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांची. पायाभरणी नोव्हेंबर १९२१ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते झाली. पुढच्याच वर्षी, ६ मे १९२२ रोजी, शाहू महाराज गेले. अनावरण झालं १६ जून १९२८ रोजी, मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते. म्हणजे कोनशिला ते अनावरण साडेसहा वर्षं.

शिल्पकार होते विनायक पांडुरंग करमरकर, अलिबागजवळच्या सासवण्याचे. ऑटो रॉथफेल्ड या इंग्रज कलेक्टरने त्यांचा हात ओळखला आणि त्यांना मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पाठवलं. पुण्याच्या पुतळ्याचं ओतकाम माझगाव डॉकमध्ये झालं. तुकडे जोडण्याऐवजी हा पुतळा एकसंध ओतला गेला, त्याचं कौतुक आजही होतं. ओतकामासाठी जहाजांची कामं करणारी गोदी निवडली गेली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. एवढी धातू एका वेळी वितळवून ओतायची तर तशी भट्टी, तशी क्रेन आणि तसे कारागीर असलेली जागाच लागते.

केवडिया: धोतराने घातलेलं कोडं

आपल्याच गुजरातमधलं दुसरं उदाहरण स्टॅच्यू ऑफ युनिटीचं. कडोदऱ्याहून वीसेक किलोमीटरवर बारडोली आहे. १९२८ च्या सत्याग्रहात वल्लभभाई 'सरदार' झाले ते तिथे. हाच रस्ता पुढे व्यारा, सोनगड, नवापूर करत धुळ्याला जातो, आणि सरदारांच्या पुतळ्याचे शिल्पकार राम सुतार हे धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे. सुरतेत आलेल्या आपल्या खानदेशी मंडळींना हे ठाऊक असायला हवं.

पायाभरणी ३१ ऑक्टोबर २०१३, लोकार्पण ३१ ऑक्टोबर २०१८. लार्सन अँड टुब्रोला काम मिळालं २०१४ मध्ये, २,९८९ कोटींचं. उंची १८२ मीटर. पण सुतारांनी आधी घडवल्या त्या तीन, अठरा आणि तीस फुटांच्या प्रतिकृती. तीस फुटांची मंजूर झाल्यावर तिचं त्रिमितीय स्कॅनिंग झालं आणि त्यावरून ब्राँझचे पत्रे चीनमध्ये ओतले गेले. आत काँक्रीट आणि पोलादाचा गाभा आहे, ब्राँझ हे वरचं आवरण.

खरी अडचण पायांशी होती. उंच इमारत खाली रुंद असते. इथे धोतर आणि चपला, म्हणजे माणूस खाली बारीक आणि खांद्याशी रुंद. त्यामुळे ताशी १८० किलोमीटर वाऱ्याचा हिशोब धरावा लागला आणि डोलणं आवरण्यासाठी प्रत्येकी २५० टनांची दोन वजनं आत बसवावी लागली. शिल्पकाराने पोशाख बदलला नाही, इंजिनिअरांनी उत्तर शोधलं. दोघं सुरुवातीपासून एका टेबलाशी बसले की असं होतं.

या प्रकल्पाची दुसरी बाजूही लपवू नये. तिथल्या आदिवासी गावांनी जमिनीच्या प्रश्नावर विरोध केला होता. स्मारकाची जागा कुणाची आणि तिथे आधी कोण राहत होतं, हा प्रश्न नियोजनात पहिल्या पानावर हवा.

मालवण: नऊ महिनेसुद्धा नाही

मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा महाराजांचा ३५ फुटी पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनी, अनावरण झाला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. ती दृश्यं पाहून मला त्या रात्री जेवण गेलं नाही. चौकशी समितीच्या अहवालातली कारणं वृत्तपत्रांत आली: गंज, कमकुवत सांगाडा, चुकीचं वेल्डिंग, देखभालीचा अभाव. मंजुरी सहा फुटी मातीच्या नमुन्याला दिली होती, असं कला संचालनालयाकडून सांगितलं गेलं.

सहा फूट आणि पस्तीस फूट यांतला फरक नीट समजून घ्या. उंची जवळपास सहापट. पण वारा अडवणारं क्षेत्रफळ वाढतं चौतीसपट आणि घनफळ जवळजवळ दोनशेपट. म्हणून लहान नमुना फक्त रूपाची मंजुरी असते. ताकदीची मंजुरी वेगळी घ्यावी लागते.

गंजाचंही तसंच. ब्राँझ आणि साधं लोखंड एकमेकांना टेकून असले आणि खारट ओल मिळाली, की लोखंड झपाट्याने झिजतं. बाहेरून पुतळा चकचकीत, आत सांगाडा पोकळ. नवा ६० फुटी पुतळा त्याच जागी मे २०२५ मध्ये उभा राहिला, तो राम सुतारांच्याच संस्थेकडून.

आता आपल्या चौकाचं

मालवणला त्या वेळी वारा ताशी ४५ किलोमीटर होता, असं मुख्यमंत्र्यांनी सांगितलं होतं. आपल्या सुरतेसाठी भारतीय मानकात धरलेला मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर आहे. वेग साडेतीनपट, पण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून तो साधारण बारापट. दर चौरस मीटरला एकशे अठरा किलो! बारा फुटी पुतळ्याने सहा चौरस मीटर वारा अडवला, तर सातशे किलोंचा आडवा धक्का बसतो, आणि तो सगळा घोड्याच्या पायांतून खाली उतरायचा असतो. चिमणीला आम्ही हाच हिशोब करायचो. वाऱ्याला चिमणी आणि घोडा यांत फरक कळत नाही.

त्याआधी परवानगी. सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ रोजी आदेश दिला की सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि अशा सोयींच्या जागी पुतळा बसवायला राज्य सरकारांनी परवानगी देऊ नये. हा आदेश ज्या खटल्यात निघाला, त्यात प्रतिवादी गुजरात राज्यच होतं. आपला चार रस्ता तर दोन राष्ट्रीय महामार्गांचा नाका. तिथे पुतळ्याचं स्वप्न सोडून द्यावं आणि बागेची किंवा संस्थेच्या मालकीची जागा पाहावी, हे मी बैठकीत सांगितलं. काहींना राग आला. साहजिक आहे.

तिसरी गोष्ट पैशाची. एका व्यावसायिकाने फायबरवर तांब्याचा रंग मारलेला पुतळा स्वस्तात आणि दोन महिन्यांत देतो म्हणून फोटो दाखवले. फायबर मिरवणुकीला ठीक आहे. आपल्या उन्हात वर्षानुवर्षं ठेवलं की त्याचा पृष्ठभाग उकलतो. कायमच्या कामाला ब्राँझच हवं. नेहमीचं मिश्रण म्हणजे शंभरात पंच्याऐंशी भाग तांबं आणि कथील, जस्त, शिसं पाच-पाच. आधी मातीचा नमुना, मग साचा, मग मेणाची प्रत, त्याभोवती उष्णता सोसणारं आवरण, मेण वितळवून काढून तिथे धातू, शेवटी जोडकाम आणि घासकाम. यातली एकही पायरी तारीख बघून लहान होत नाही.

माझ्या मते कामाचा क्रम असा असावा:

१. जागेची कागदपत्रं आणि लेखी परवानगी.
२. माती परीक्षण.
३. शिल्पकाराची निवड, आणि त्याच करारात स्ट्रक्चरल इंजिनिअर.
४. मातीच्या नमुन्याची जाहीर पाहणी. पोशाख, शस्त्र, घोड्याचं खोगीर यांवर इतिहासाच्या अभ्यासकांचं मत इथेच घ्यायचं, ब्राँझ झाल्यावर नाही.
५. पूर्ण आकाराचा सांगाड्याचा हिशोब, आणि तो दुसऱ्या इंजिनिअरकडून तपासून.
६. ओतकाम, वाहतूक, उभारणी. पैसे टप्प्याटप्प्याने.
७. दहा वर्षांच्या देखभालीची ठेव, बँकेत वेगळी.
८. अनावरणाची तारीख. सर्वांत शेवटी.

बैठकीत आठव्या क्रमांकावरच वाद झाला. तारीख नसेल तर वर्गणी येत नाही, असं जुन्या कार्यकर्त्यांचं म्हणणं, आणि त्यात तथ्य आहे. शेवटी ठरलं ते एवढंच: जागा मिळेपर्यंत वर्गणी संयुक्त खात्यात राहील, दर महिन्याला हिशोब फलकावर लागेल, आणि कुणाला पैसे परत हवे असतील तर पावती दाखवून मिळतील.

त्या कामगाराला मी बाहेर चहाच्या टपरीवर गाठलं आणि सांगितलं, "भाऊ, या शिवजयंतीला नाही होणार." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पडणार तर नाही ना साहेब?" पावती त्याने अजून परत आणलेली नाही.