पत्त्यांची प्रतवारी करणारा 'एपी'

पालघर जिल्ह्यातल्या सातपाटीच्या बंदरात पापलेट उतरलं की वजनाप्रमाणे त्याची प्रतवारी होते आणि प्रतीनुसार भाव मिळतो. ई-मेलच्या पत्त्यांसाठी हेच काम करणारा एक छोटा प्रोग्राम आहे, 'एपी'. तो टर्मिनलवर चालतो. पत्ता द्यायचा, एंटर दाबायचं, की तो सुटा करून नीट मांडलेला समोर येतो.

एपी हा 'एनएमएच' या मेल-संचाचा भाग. या संचाचं मूळ १९७० च्या दशकाअखेर अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशनमध्ये ब्रूस बॉर्डन यांनी लिहिलेल्या 'एमएच'मध्ये आहे. त्यात प्रत्येक पत्राची वेगळी फाइल असते आणि वाचणं, उत्तर देणं, हलवणं यांसाठी वेगवेगळ्या कमांड. एपी रोज लागत नाही, म्हणून तो संचाच्या आतल्या फोल्डरात ठेवलेला असतो.

पत्ता तपासायला स्वतंत्र हत्यार कशाला? कारण डेव्हिड क्रॉकर यांनी १९८२ मध्ये लिहिलेल्या 'आरएफसी ८२२' या मानकाने एकच पत्ता अनेक रूपांत लिहायला मुभा दिली. नुसता पत्ता चालतो. आधी नाव आणि मग कोनी कंसात पत्ता चालतो. आधी पत्ता आणि मागे साध्या कंसात नाव, हेही चालतं. माणसाला हे नजरेने कळतं, यंत्राला नियम लागतात.

समजा, सातपाटीच्या एखाद्या संस्थेकडे खरेदीदारांची जुनी यादी आहे. तिच्यातली एक ओळ अशी (प्रत्यक्षात ती रोमन लिपीत असेल):

खरेदी, वसई <मासळी@उदाहरण.परीक्षा>

वाचणाऱ्याला हा एकच खरेदीदार वाटतो. नियमाने मात्र स्वल्पविराम म्हणजे दोन पत्त्यांमधलं कुंपण. त्यामुळे 'खरेदी' हा त्याच संगणकावरचा एक वापरकर्ता ठरतो आणि 'वसई' या नावाने दुसरा पत्ता उरतो. पत्र पाठवण्याआधी एपीला ही ओळ दिली, तर एकाऐवजी दोन पत्ते छापलेले दिसतात आणि घोळ तिथेच पकडता येतो. उपाय सोपा आहे : 'खरेदी, वसई' दुहेरी अवतरणांत घालायचं. शिवाय सगळी ओळ एकेरी अवतरणांत द्यायची, नाहीतर टर्मिनलमधले हुकूम वाचणारा 'शेल' कोनी कंसाला फाइल उघडायचा हुकूम समजतो.

एपीची खरी ताकद 'फॉरमॅट' या पर्यायात आहे. त्यात 'एमबॉक्स' लिहिलं की @ च्या आधीचा भाग मिळतो, 'होस्ट' लिहिलं की नंतरचा. 'ॲडर'ने नाव गळून निव्वळ पत्ता उरतो. 'फ्रेंडली'ने उलट नाव मिळतं; ते नसेल तर कंसातला मजकूर. शेकडो ओळींची यादी एका लूपमधून सोडली, की कोणाचे पत्ते कोणत्या डोमेनवर आहेत हे वेगळं काढता येतं.

पत्ते आता रोमन लिपीपुरतेच राहिलेले नाहीत. २०१४ च्या ऑगस्टमध्ये देवनागरीतलं '.भारत' डोमेन आलं. @ च्या आधीचा भागही देवनागरीत लिहिण्याचं मानक २०१२ पासून आहे, पण जगातल्या सगळ्याच मेल-यंत्रणा ते मानत नाहीत. त्यामुळे पत्ता नियमात बसला तरी तो चालेलच असं नाही.

एपी पत्त्याची घडण तपासतो, त्यामागच्या माणसाची खात्री देत नाही. चुकीचं डोमेन, बंद पडलेली कंपनी, सोडून गेलेला व्यवस्थापक, हे सगळे पत्ते त्याच्या लेखी तितकेच नीट असतात. यादी साफ झाल्यावर खरेदीदाराला एक फोन करावाच लागतो.