विसापूरच्या वाटेवरचे काटे

गेल्या वर्षी श्रावणात माझी धाकटी बहीण विसापूरच्या वाटेवर घसरली आणि तिचं मनगट मोडलं. वरून पाऊस, पायाखाली चिखल. भाजे गावातल्या दोन पोरांनी तिला आधार देत खाली आणेपर्यंत तीन तास गेले. तेव्हापासून आमच्या घरात डोंगराचं नाव काढायची सोय नव्हती. त्यामुळे यंदा मुलगा म्हणाला, "अम्मी, रविवारी आम्ही तीच वाट दुरुस्त करायला चाललोय," तेव्हा मी आधी रागावले. मग त्याच्यावर लक्ष ठेवायच्या निमित्ताने स्वतःच निघाले.

आमच्या कफ परेडच्या मच्छीमार नगरातून सह्याद्री दिसत नाही. इथलं सगळं समुद्राकडे तोंड करून: होड्या, जाळी, वाळत घातलेली मासळी. किल्ला म्हटलं की इथे खांदेरी आठवतो, कारण दक्षिणेला गेलेल्या होड्यांना तो दिसतो. 1679 साली शिवाजी महाराजांनी त्या बेटावर बांधकाम सुरू केलं, तेव्हा मुंबईचे इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी दोघेही आडवे आले. मराठी आरमाराच्या बाजूने तिथे लढणाऱ्या सरदारांत दौलतखान होता. मुलाला हे लहानपणी मीच सांगितलं होतं. गडांची हौस त्याला तिथूनच लागली असेल, तर तक्रार तरी कुणाकडे करणार?

कफ परेडला आता भुयारी मेट्रो आली आहे, पण इंद्रायणी एक्स्प्रेस पकडायची तर तिचा उपयोग नाही. इंद्रायणी सुटते तेव्हा मेट्रो सुरूही झालेली नसते. टॅक्सीने सीएसएमटी गाठलं आणि फजर तिथेच एका कोपऱ्यात अदा केली. लोणावळ्याला उतरून लोकलने मळवली, मग द्रुतगती महामार्गावरचा पूल ओलांडून पायी भाजे. एकूण चौदा जण होते. बहुतेक नोकरदार, दोन कॉलेजच्या मुली, आणि पुढे वाट दाखवायला गावातले एक आजोबा. त्यांनी माझ्या मुलाला नाव विचारलं. त्याने सांगितलं. आजोबा क्षणभर थांबले आणि माझ्या पोटात गोळा आला, आजकाल येतोच. मग ते म्हणाले, "कोयता चालवता येतो का रं?"

भाज्यावरून चढून गायमुख खिंडीत आलं की उजवीकडे लोहगड, डावीकडे विसापूर. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांत लोहगड आहे, विसापूर नाही. त्यामुळे गर्दी उजवीकडे वळते. डाव्या वाटेची काळजी हौशी माणसंच घेतात. लोहगड-विसापूर विकास मंचासारखी मंडळी या दोन्ही गडांवर कित्येक वर्षं राबत आली आहेत. आमचा गट छोटा, बिननावाचा.

मला वाटत होतं, वाट दुरुस्त करायची म्हणजे झाडंझुडपं तोडायची. ते काम थोडंच निघालं. वाटेवर आलेली घाणेरी आणि रानमोडी कापायची. कारवीला हात लावायचा नाही, सोनकीच्या पिवळ्या फुलांना तर नाहीच. खरी लढाई पाण्याशी असते. लोणावळ्याच्या या पट्ट्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आपल्या कुलाब्याच्या जवळपास दुप्पट. ते पाणी उताराची सोपी वाट शोधतं, आणि सगळ्यात सोपी वाट म्हणजे माणसांनी तुडवलेली. एकदा पाणी वाटेवर आलं की माती वाहून जाते, दगड उघडे पडतात आणि दोन पावसाळ्यांत वाटेचा ओढा होतो.

म्हणून ठरावीक अंतरावर वाटेला तिरकी चर खणायची आणि तिच्या खालच्या अंगाला दगडांची ओळ पक्की बसवायची. पाणी तिथे अडतं आणि दरीच्या बाजूला निघून जातं. दगड मातीत चांगला खोल गेला पाहिजे, नाहीतर पहिल्याच पावसात निघतो. दगड ओढ्यातले घ्यायचे. गडाचा घडीव चिरा कितीही सोयीचा पडलेला दिसला तरी हलवायचा नाही, कारण हे संरक्षित स्मारक आहे. हे सगळं आश्विनातच का? माती अजून ओलसर असते, कुदळ आत जाते. डिसेंबरात तीच जमीन दगड होते. शिवाय वाटेकडेचं गवत वाळून वणव्याला निमंत्रण देण्याआधीच काढलेलं बरं.

सकाळभर मी घमेल्याने माती वाहिली. गुडघे बोलायला लागले होते. एवढ्यात पाहिलं तर मुलगा एका आडवाटेच्या तोंडाशी काटेरी फांद्या रचत होता.

मी ओरडलेच. रस्त्यावरची काटेरी फांदी बाजूला केली म्हणून एका माणसाला अल्लाहने माफ केलं, ही हदीस मी त्याला मांडीवर घेऊन सांगितली आहे. त्रासदायक वस्तू वाटेतून दूर करणं ही ईमानची एक शाखा असल्याचं प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शिकवलं. आणि आमचे चिरंजीव वाटेवर काटे घालतात!

"अम्मी, ही वाट नाहीये," तो म्हणाला. "लोकांनी वळण वाचवायला केलेला शॉर्टकट आहे. खालून बघ."

मी खाली जाऊन पाहिलं. मूळ वाट वळणं घेत सावकाश चढते. शॉर्टकट सरळ उतारावरून येतो, आणि पाण्याने तो कमरेइतका खोल कापला होता. खालच्या टोकाला गुळगुळीत मुरूम. मग ती जागा मी ओळखली. बहिणीने फोनवर पाठवलेल्या फोटोत हेच उंबराचं झाड होतं. ती वाटेवर घसरलीच नव्हती. ती इथे घसरली होती.

उरलेल्या फांद्या मीच ओढून आणल्या. हाताला ओरखडे आले.

जोहरची वेळ झाली तेव्हा बाटलीतल्या पाण्याने वजू करून आम्ही मायलेक एका सपाट खडकावर उभे राहिलो. बाकीचे तोवर भाकरी सोडून बसले होते. आजोबांनी आमच्या वाटणीची चटणी झाकून ठेवली होती.

गाडीत एका मुलीने सांगितलं की अमेरिकेत अॅपलेशियन ट्रेल नावाची सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची डोंगरवाट आहे. 1937 साली ती पूर्ण झाली आणि आजही तिची निगा मुख्यतः स्वयंसेवकांचे तीसेक क्लब आपापले तुकडे वाटून घेऊन राखतात. आमच्या चौदा जणांनी दिवसभरात केल्या सात चरी. मुलगा म्हणाला, "वाईट नाही." मला वाटतं थोडं कमीच झालं, दुपारनंतर सगळे गप्पांत रमले.

कुणाला जायचं असेल तर दिवाळीनंतरही एक-दोन रविवार मिळतात. पूर्ण बाह्यांचे कपडे, जाड हातमोजे, माणशी तीन लिटर पाणी, आणि गावात आधी विचारल्याशिवाय कुदळ उचलायची नाही. माझ्या बहिणीला मी शॉर्टकटचा फोटो पाठवला आहे. ती अजून काही बोललेली नाही.