गळ, रीळ आणि खाडीचं मीठ : देखभालीतले गैरसमज आणि वस्तुस्थिती

सुट्टीच्या दिवशी पहाटे मुंब्र्याच्या रेतीबंदरावर, घोडबंदर-गायमुखच्या काठावर, डोंबिवलीच्या मोठागावात किंवा कल्याणला दुर्गाडीच्या पायथ्याशी गेलं, की गळ टाकून बसलेली मंडळी हमखास दिसतात. कुणी जिताड्याची वाट पाहत असतं, कुणाला एखादा शिंगाळा मिळाला तरी दिवस सार्थकी लागतो. बांबूच्या काठीची जागा आता कार्बनच्या रॉडनं आणि महागड्या रिळानं घेतली आहे. साहित्य बदललं, पण ते सांभाळायचं कसं याचं ज्ञान मात्र अजून ऐकीवच आहे. मग ऐन मोठा मासा लागल्यावर रीळ उलटं फिरतं, तंगूस तुटतो, रॉडचा सांधा अडकून बसतो आणि काठावर सगळ्यांदेखत फजिती होते. दोष माशाच्या ताकदीला किंवा कंपनीला दिला जातो. खरं नुकसान बहुतेक वेळा आधीच, घरच्या बाल्कनीत होऊन गेलेलं असतं.

गैरसमज : खाडीचं पाणी समुद्राइतकं खारट नसतं, त्यामुळे साहित्य धुवायची गरज नाही.

वस्तुस्थिती : कल्याणपुढे उल्हास नदीची खाडी होते. मुख्य प्रवाह घोडबंदरमार्गे वसईला समुद्राला मिळतो आणि ठाण्याजवळ एक अरुंद फाटा ठाणे खाडीकडे जातो. भरतीबरोबर समुद्राचं पाणी या वाटेनं आत शिरतं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. खाडीत ते कमी असले, तरी पाणी वाळतं आणि क्षार मागे राहतात. धुतलं नाही, तर प्रत्येक फेरीला हा थर वाढत जातो. स्टेनलेस स्टीलवर क्रोमियममुळे एक अतिशय पातळ संरक्षक थर असतो. क्षारांमधला क्लोराइड नेमका तोच भेदतो आणि धातूला बारीक खड्डे पडतात. शिवाय हे क्षार हवेतली ओल ओढून घेतात. मे महिन्यात कोरडं वाटणारं रीळ जुलैत कपाटातल्या कपाटात गंजतं, ते यामुळे. म्हणून घरी आल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्यानं धुणं हा सगळ्या देखभालीचा पाया आहे.

गैरसमज : धुवायचंच तर रीळ बादलीत बुडवून ठेवावं किंवा गाडी धुण्याच्या प्रेशर पंपानं स्वच्छ करावं.

वस्तुस्थिती : दोन्ही उपाय रिळाला मारक आहेत. जोराचा फवारा बाहेरचं मीठ आणि खाडीचा बारीक गाळ थेट बेअरिंगमध्ये ढकलतो. बादलीत बुडवलेल्या रिळात पाणी शिरतं आणि आतच राहतं. धुण्यापूर्वी ड्रॅगची, म्हणजे तंगूस किती ताणावर सुटेल ते ठरवणाऱ्या यंत्रणेची, चकती घट्ट करावी, म्हणजे पाणी तिच्यातल्या वॉशरपर्यंत पोहोचत नाही. मग नळाची हलकी धार किंवा झाडांवर मारायचा फवारा पुरतो. नंतर मऊ कापडानं पुसून, ड्रॅग सैल करून सावलीत वाळवावं.

गैरसमज : तेल ते तेल. खोबरेल, शिलाई मशीनचं तेल, डब्ल्यूडी-४०, काहीही चालतं.

वस्तुस्थिती : खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली थिजतं आणि जुनं झालं की चिकट होऊन धूळ धरतं. रिळात त्याला जागा नाही. डब्ल्यूडी-४० हे १९५३ मध्ये अमेरिकेत मुळात ओल हटवून गंज रोखण्यासाठी तयार झालेलं रसायन आहे; नावातली पहिली दोन अक्षरं त्याच कामाची आहेत. भिजलेल्या स्क्रूसाठी ते उत्तम, पण गिअरवर मारलं तर तिथलं ग्रीस पातळ करून टाकतं. शिलाई मशीनचं तेल मात्र खरोखर उपयोगी पडतं. ते हलकं खनिज तेल असल्यानं बेअरिंग, हँडलची मूठ आणि तंगूस ज्यावरून सरकतो तो छोटा रोलर यांना एखादा थेंब द्यावा. गिअरला पाण्यात न धुपणारं ग्रीसच हवं, तेही पातळ थरानं. रीळ उलटं फिरू न देणारं एक बेअरिंग असतं. त्यावर ग्रीस चढलं की ते घसरतं आणि मासा ओढायला लागताच हँडल उलटं गरगरतं. जास्त ग्रीस म्हणजे जास्त काळजी, हा समज रीळ बिघडवतो.

गैरसमज : ड्रॅग नेहमी घट्ट आवळून ठेवावा.

वस्तुस्थिती : ड्रॅगमधले वॉशर, विशेषतः नमद्याचे, महिनोन्‌महिने दाबून ठेवले की चपटे होतात. मग तंगूस सुरळीत सुटत नाही, झटके देत सुटतो आणि त्या झटक्यातच तुटतो. ठेवताना ड्रॅग पूर्ण सैल करावा. वापरताना तो तंगुसाच्या ताकदीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश इतका ठेवावा. १० किलोच्या तंगुसाला अडीच-तीन किलोंचा ताण पुरे. स्प्रिंगच्या साध्या वजनकाट्यानं तो मोजता येतो.

गैरसमज : तंगूस कुजत नाही, म्हणजे वर्षानुवर्षं टिकतो.

वस्तुस्थिती : पूर्वी कोळी बांधव सुताची जाळी झाडाच्या सालीच्या काढ्यात भिजवत, कारण ओलं सूत कुजतं. नायलॉन आला आणि कुजण्याची चिंता गेली, पण नायलॉनचा शत्रू वेगळा आहे. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण त्याला आतून ठिसूळ करतात. खिडकीच्या ग्रिलवर किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेलं रीळ असंच निकामी होतं. नायलॉन पाणीही शोषतो आणि ओला असताना थोडा कमजोर होतो. दर वेळी पुढचे काही मीटर दोन बोटांत धरून ओढून पाहावेत. खरखर लागली, पांढुरकेपणा दिसला किंवा गाठीपाशी तंगूस चेपलेला असला, तर तेवढा भाग कापून टाकावा. विणलेली ब्रेडेड दोरी पाणी शोषत नाही आणि बारीक असूनही मजबूत असते. पण जेट्टीच्या खांबांवरच्या कालवांच्या धारेपुढे तिचाही निभाव लागत नाही, म्हणून तीही तपासावी लागते. कोणतीही गाठ आवळण्यापूर्वी ओली करावी, नाहीतर घर्षणाच्या उष्णतेनं तंगूस तिथेच दुबळा होतो.

गैरसमज : कार्बनचा रॉड मजबूत, त्याला काही होत नाही.

वस्तुस्थिती : कार्बन रॉड वाकायला मजबूत आणि आघाताला नाजूक असतो. दगडावर आपटल्यावर वरून काहीच दिसत नाही, पण आतले तंतू तुटलेले असतात आणि रॉड पुढच्या फेरीत मोडतो. तंगूस जाणाऱ्या कड्यांमध्ये कापूस फिरवून पाहावा. धागा अडकला तर आतल्या रिंगला तडा गेला आहे आणि ती दर फेकीला तंगूस कापते आहे, असं समजावं. आत सरकणारा रॉड उघडताना टोकाकडून उघडावा आणि मिटताना मुठीकडून मिटावा. खालची टोपी काढून आतला गाळ धुवावा. अडकलेला सांधा पकडीनं पिळू नये.

जिवाशी संबंध असलेली गोष्ट याच रॉडची आहे. कार्बनमधून वीज वाहते. ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या रुळांवरच्या ओव्हरहेड तारांमध्ये २५,००० व्होल्ट असतात आणि तारेला स्पर्श न होता जवळ गेल्यानंही धक्का बसू शकतो. फलाटावर, पादचारी पुलावर किंवा रूळ ओलांडताना रॉड कधीही उघडा, उभा धरू नये. लोकलनं जायचं तर तो मिटून, कव्हरमध्ये घालून, आडवाच न्यावा. खाडीकाठच्या उच्चदाब वाहिन्यांखाली गळ फेकू नये.

गैरसमज : गंजलेला गळ लागला तरच धनुर्वाताची भीती.

वस्तुस्थिती : धनुर्वात गंजामुळे होत नाही. त्याचे जिवाणू मातीत, चिखलात, शेणात असतात. चकचकीत नवा गळ खाडीच्या चिखलातून येऊन बोटात रुतला, तरी धोका तोच. धनुर्वाताच्या लसीचा डोस वेळेवर घेतलेला असावा आणि जखम खोल असेल तर डॉक्टरांकडे जावं. गंजाचं नुकसान निराळं आहे : एक ओला गळ डब्यात परत टाकला की शेजारचे सगळे गंजतात. वापरलेले गळ वेगळे ठेवून, धुऊन, वाळवूनच डब्यात ठेवावेत. टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून पाहावं. घसरलं तर गळ बोथट झाला आहे.

गैरसमज : तंगुसावर बसवताना शिशाचा गोळा दातांनी दाबला तर काय बिघडतं?

वस्तुस्थिती : शिसं विषारी आहे आणि शरीरात साठत जातं. मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो आणि मुलं मोठ्यांचं पाहूनच शिकतात. छोटी पकड वापरावी आणि खाण्यापूर्वी हात साबणानं धुवावेत.

गैरसमज : तुटलेला तंगूस पाण्यात गेला तर वाहून जातो.

वस्तुस्थिती : तो जातो कांदळवनाच्या मुळांत आणि तिथेच राहतो. २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं नायलॉनच्या मांजावर बंदी घातली, कारण तो पक्ष्यांचे आणि माणसांचे गळे कापतो. आपला तंगूसही त्याच नायलॉनचा आहे. ठाणे खाडी २०२२ पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं रामसर क्षेत्र आहे आणि दर हिवाळ्यात इथे हजारो रोहित पक्षी उतरतात. त्यांच्या लांब पायांना हा गुंता सोडवता येत नाही. जुन्या तंगुसाचे छोटे तुकडे करून तो घरी आणावा आणि सुक्या कचऱ्यात द्यावा.

या सगळ्याला लागतं ते गोडं पाणी, एक मऊ कापड, सावलीची जागा, तेलाचे दोन थेंब आणि घरी परतल्यावरचा थोडा वेळ. जिची आपण एवढी हौस करतो, त्या वस्तूला आणि जी आपल्याला मासा देते त्या खाडीला इतकं देणं आपलं कर्तव्य आहे. पुढच्या वेळी गरवून परत आलात, की आधी साहित्य धुवा, मग मासा साफ करायला बसा.