उतारवयाला परवडणारे गाव

नोकरीची अखेरची दोन-चार वर्षे उरली, की मध्यमवर्गीय घरांत एक हिशेब मांडला जाऊ लागतो. भविष्यनिर्वाह निधीचे किती मिळतील, उपदानाचे किती, मुलीच्या लग्नाचे कर्ज फिटून हाती काय उरेल, याची आकडेमोड अखेर एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते : यापुढे राहायचे कोठे? तरुणपणी सोलापूर सोडून पुण्या-मुंबईत स्थिरावलेल्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर तयारच आहे असे वाटते. तिकडची दोन खोल्यांची सदनिका विकावी, सोलापुरात होटगी रस्त्यावर किंवा जुळे सोलापुरात ऐसपैस घर घ्यावे आणि उरलेल्या रकमेच्या व्याजावर निश्चिंतपणे राहावे. हा बेत चुकीचा नाही. परंतु त्यात गावाची किंमत म्हणून जी धरली जाते ती केवळ घराची किंमत असते. उतारवयात खरा खर्च होतो तो अन्यत्र.

निवृत्ताच्या उत्पन्नाचे स्वरूप आधी ध्यानात घेतले पाहिजे. ज्यांना जुन्या पद्धतीचे सरकारी निवृत्तिवेतन आहे, त्यांना महागाईबरोबर वाढणारा भत्ता तरी मिळतो. खाजगी व सहकारी संस्थांतून निवृत्त होणाऱ्यांचा आधार म्हणजे १९९५ ची कर्मचारी निवृत्तिवेतन योजना. तिचे गणित साधे आहे. निवृत्तिवेतनासाठी धरलेल्या पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागावयाचे. सप्टेंबर २०१४ मध्ये पगाराची मर्यादा १५,००० रुपये झाली. त्यापूर्वी ती ६,५०० होती. म्हणजे पूर्ण ३५ वर्षांची सेवा वाढीव मर्यादेने धरली, तरी या मर्यादेत वर्गणी भरणाऱ्याच्या हाती महिना ७,५०० रुपये पडतात. आणि त्यावर महागाई भत्ता नाही. त्याच वेळी किमान निवृत्तिवेतन १,००० रुपये ठरले. गिरणीत किंवा मागावर आयुष्य घालविलेल्या अनेकांचे निवृत्तिवेतन या किमान रकमेच्या आसपासच घुटमळते. असे गोठलेले उत्पन्न घेऊन वीस-पंचवीस वर्षे काढावयाची, तर गाव स्वस्त पाहिजे हे ओघानेच आले.

सोलापूरच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. पुण्याच्या मानाने येथील घर, भाडे, भाजीपाला आणि मोलकरणीचा पगार कमी आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय आहे. सहकारी आणि खाजगी रुग्णालयांमुळे धाराशिव, लातूर, विजापूर, कलबुर्गी या भागांतील रुग्णही येथे येतात. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषांच्या माणसाला येथे आपली गल्ली सापडते. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा भरते, तेव्हा बाहेरगावी गेलेला सोलापूरकर एकदा तरी घराकडे पाहतो. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई गाठता येते आणि फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारत गाडीही धावू लागली. मुलाकडे जाणे किंवा मोठ्या शस्त्रक्रियेसाठी पुण्यास जाणे अवघड राहिलेले नाही.

परंतु याच जमाखर्चाची दुसरी बाजूही लिहावयास हवी. पहिली रक्कम पाण्याची. शहराला मुख्यतः सुमारे १०० किलोमीटरवरच्या उजनी जलाशयातून पाणी मिळते आणि अलीकडच्या अनेक वर्षांत नळाला रोज पाणी येणे हा सोलापूरकराचा अनुभव नाही. चार-पाच दिवसांआड येणारे पाणी साठविण्यास हौद, वर चढविण्यास मोटार, आणि वेळी-अवेळी उठून ती चालू करण्यास माणूस लागतो. चाळिशीतल्या गृहस्थाला ही केवळ गैरसोय. पंचाहत्तरीच्या जोडप्याला तो दर आठवड्याचा संकटकाळ. दुसरी रक्कम उन्हाळ्याची. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडून त्रेचाळीसच्या घरात जातो. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धाला दुपारी सिमेंटच्या छताखाली बसवत नाही, आणि वातानुकूलन यंत्राचे वीजबिल निवृत्तिवेतनाचा मोठा भाग गिळते.

तिसरी रक्कम अंतराची, आणि तीच सर्वांत मोठी. स्वस्त घर शहराच्या कडेला मिळते. दवाखाना, औषधाचे दुकान, बँक आणि देऊळ जुन्या पेठांत असते. शहर बससेवा गेल्या काही दशकांत आक्रसत गेली. त्यामुळे स्वतःचे वाहन चालविता येत नाही त्याला प्रत्येक कामासाठी रिक्षा करावी लागते. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये आयुष्मान योजनेतून वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय झाली, ही मोठी गोष्ट. पण ती रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहे. रोजच्या गोळ्या, तपासण्या आणि रिक्षाचे भाडे तीत बसत नाही. मुलाबाळांच्या भेटीचेही तसेच. राज्य परिवहनाने ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील प्रवाशांना मोफत प्रवास दिला. रेल्वेने ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये थांबविली. ज्या वयात लांबचा प्रवास बसने झेपत नाही, त्याच वयात बसची सवलत मिळावी, हा योगायोग तसा बोलका आहे.

पुण्याहून परतणाऱ्या निवृत्ताला निदान निवड तरी करता येते. सोलापुरातील फार मोठ्या वर्गाला ती कधीच नव्हती. १८७७ मध्ये येथे पहिली कापडगिरणी निघाली आणि तिच्यामागून आलेल्या गिरण्यांनी, हातमाग-यंत्रमागांनी आणि विडी कारखान्यांनी हे कामगारांचे शहर घडविले. गिरण्यांचे भोंगे एकामागून एक बंद झाले. चाळीतील दहा बाय बाराची खोली हेच अनेकांचे घर राहिले. या लोकांनी म्हातारपणी कोठे राहावे, याचे उत्तर शहराबाहेर कुंभारीच्या माळावर शोधले गेले. नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने विडी कामगार स्त्रियांसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावाने १०,००० घरांची वसाहत उभी राहिली. २००६ मध्ये पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरे देण्यात आली. पाठोपाठ ३०,००० घरांचे रे नगर आखले गेले आणि त्यातील १५,००० घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते सुपूर्द झाली. विडी वळणाऱ्या, मागावर काम करणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या माणसांना आपल्या नावाचे पक्के घर मिळाले. ज्यांच्या घरी भाड्याच्या तगाद्याखेरीज वारसा नव्हता, त्यांच्या दृष्टीने याचे मोल कोणत्याही आकड्यात मांडता येणार नाही.

तरीही या वसाहती जे शिकवितात ते सर्वच निवृत्तांच्या उपयोगाचे आहे. विडी कामगार स्त्री खऱ्या अर्थाने निवृत्त होत नाही. कारखान्यातून पान-तंबाखू आणावयाची, घरी विड्या वळावयाच्या आणि तयार माल नेऊन द्यावयाचा, असा तिचा दिवस. मजुरी हजार विड्यांवर. डोळे मंदावले, बोटे आखडली, की मजुरी आपोआप घटते. तिला घर जितके हवे तितकेच त्या घराजवळ काम हवे, दवाखाना हवा आणि आजारपणी भाकरी आणून देणारी शेजारीण हवी. जुन्या पेठेतून माळावर जाताना घर मोठे होते. पण पंचवीस वर्षांत जमलेला शेजार सामानाबरोबर टेम्पोत चढविता येत नाही. तो पुन्हा जमवावा लागतो, आणि साठीनंतर त्याला वेळ कमी असतो. एकाच व्यवसायातील बायका एकत्र राहावयास गेल्या, त्यामुळे कुंभारीत हे काम काहीसे सोपे झाले असावे. सदनिका विकून एकट्याने परतणाऱ्या जोडप्याला तेवढीही सोबत नसते.

म्हणूनच गाव निवडताना काही साधी पथ्ये पाळणे शहाणपणाचे. पुण्या-मुंबईचे घर विकण्यापूर्वी वर्षभर सोलापुरात भाड्याने राहून पाहावे. त्या वर्षात एक मे महिना अवश्य यावा. घर लहान चालेल, पण ते तळमजल्यावर आणि दवाखान्यापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर असावे. दोघांपैकी एक मागे राहिल्यावर तेथे एकट्याला राहता येईल का, हा अप्रिय प्रश्न आजच विचारावा. बहुतेक वेळा ती मागे राहणारी व्यक्ती पत्नी असते, म्हणून घर तिच्याही नावावर असावे. मुलांना जिवंतपणी घर लिहून देण्याची घाई करू नये. द्यावयाचेच असेल तर सांभाळाची अट दस्तात नमूद करावी. ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या २००७ च्या कायद्यातील २३ व्या कलमाचा आधार मिळविण्यास ती अट महत्त्वाची ठरते.

पण सारी जबाबदारी निवृत्तावर टाकून भागणार नाही. सोलापुरास वृद्धांना परवडणारे शहर व्हावयाचे असेल, तर त्यासाठी वृद्धाश्रमांच्या इमारतींपेक्षा नळाला रोज येणारे पाणी, नियमित धावणारी बस, चालण्याजोगा पदपथ आणि प्रत्येक वस्तीत संध्याकाळी उघडा असणारा दवाखाना यांची गरज अधिक आहे. या चार गोष्टी झाल्या, तर होटगी रस्त्यावरच्या निवृत्त शिक्षकाची आणि कुंभारीच्या विडी कामगार आजीची सोय एकाच खर्चात होईल. त्या होईपर्यंत सोलापूर हे घर घेण्यास स्वस्त शहर राहील. म्हातारपण काढण्यास ते स्वस्त आहे असे मात्र म्हणता येणार नाही.